पान कोरडं, गुलाब निरोगी

[पानाचं जवळून दृश्य]
गुलाबाच्या पानावरचा हा काळा ठिपका नीट पाहा. कडा सरळ नाही, तंतू फुटल्यासारखी आहे. भोवतीचं पान पिवळं पडू लागलंय. हे काम 'डिप्लोकार्पॉन रोझी' या बुरशीचं. पण नुसता बीजाणू, म्हणजे बुरशीचा बीसारखा सूक्ष्म कण, पानावर पडून रोग होत नाही. तो रुजायला पान सलग 7 तास तरी ओलं राहावं लागतं. आपल्याला तेवढंच होऊ द्यायचं नाही.

[बुंध्याशी पाणी]
म्हणून पाणी सकाळी आणि थेट मातीत. संध्याकाळी पाइपने भिजवलेली पानं रात्रभर वाळत नाहीत. मातीवरून उडणारे शिंतोडेही बीजाणू वर नेतात. त्यासाठी हे 5 सेंटीमीटर जाडीचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब.

[छाटणी]
आता कात्री. आधी पाती 70 टक्के अल्कोहोलने पुसायची. वाळक्या, रोगट काड्या पहिल्यांदा काढायच्या. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या. काप कुठे घेतलाय बघा: बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे काडीवरच्या कोंबाच्या, अर्धा सेंटीमीटर वर, डोळ्यापासून उलट उतरता. डोळ्याच्या वर लांब खुंट राहिला तर तो वाळतो आणि काडी वरून खाली मरत जाते. डोळ्याला चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. नवी फांदी बाहेर वाढते, झाडाचा मध्य पेल्यासारखा उघडा राहतो, वारा खेळतो, दव लवकर उडतं.

[पांढरी भुरी]
भुरी ही पानावर पांढरी पूड पसरल्यासारखी दिसणारी दुसरी बुरशी. तिला मात्र ओलं पान लागत नाही. दमट रात्र आणि कोंदलेली जागा तिला पुरते. कोवळी पानं वाकडी होतात, कळीचा देठ पांढरा पडतो. मोकळी छाटणी इथेही कामाला येते.

[गळलेली पानं गोळा करताना]
गळलेल्या पानांत बुरशी टिकून राहते. ती पानं रोज वेचा, घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. पानगळ वाढली की झाड अशक्त होतं, फुलं घटतात.

[फवारणी]
एवढं करूनही हवा ओलसर असेल, तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक फवारा, लिटरला 2 ग्रॅम. हातमोजे आणि मास्क घालून आधी थोड्या पाण्यात कालवा, मग उरलेलं पाणी घाला. नळीचं तोंड पानाखालून वर. लागलेला ठिपका याने जात नाही, निरोगी पान वाचतं. तापमान 30 अंशांच्या वर असेल तर थांबा, पानं भाजतात. कडुनिंब तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक नको.