नाव लपवा, बूट लपवू नका

नमस्कार मंडळी. घरच्यांना न सांगता एक दिवसाची सहल ठरवायची, सकाळी सगळ्यांना उठवायचं आणि म्हणायचं चला निघूया, हे ऐकायला फार भारी वाटतं. पण आपल्याकडे सरप्राइज म्हणजे सगळंच लपवायचं असा एक समज झालाय, आणि मग होतं काय, मावशी नवी साडी नि हिलच्या चपला घालून येते, कारण तिला वाटलं हॉटेलात जेवायला नेतायत, आणि गाडी जाऊन थांबते ती डोंगरावर. मग दिवसभर तिचं तोंड बघत बसा! म्हणून माझं म्हणणं एवढंच की ठिकाणाचं नाव लपवा, बाकी सगळं सांगून टाका. चालायचंय, जुने बूट घाला, पहाटे निघायचंय, रात्री उशीर होईल, गोळ्या बरोबर घ्या. एवढं सांगूनही कुणाला पत्ता लागत नाही हो.

ठिकाण म्हणाल तर मुंबई-ठाणे-कल्याणकडच्यांना मी डोळे झाकून माथेरान सांगेन. लोकलने नेरळपर्यंत जायचं, खोपोली किंवा कर्जत लोकल पकडायची, आणि स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी असतात त्या घाटातून वर दस्तुरी नाक्यावर सोडतात. आता नेरळला उतरलात की मोठी माणसं ओळखणारच, तेव्हा उगाच नाही नाही म्हणत बसू नका, तुमचं काम झालेलं असतं.

खरी मजा दस्तुरीला आहे. तिथे गाड्या थांबतात, सगळ्यांच्याच, कारण वर मोटारींना बंदी आहे. अँब्युलन्ससारखी अगदी गरजेची वाहनं सोडली तर पुढे पायी, घोड्यावर किंवा आता काही ई-रिक्षा आल्यात त्याने जायचं. प्रवेश कर भरून आत शिरलात की पाच मिनिटांत हॉर्नचा आवाज मागे पडतो आणि लाल मातीचा, झाडांच्या सावलीतला रस्ता सुरू होतो. जांभा दगडाची माती आहे ती, पांढरे कपडे घालून आलेल्यांची दया येते. बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर चालणं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी अमन लॉज स्टेशन अगदी जवळ आहे, तिथून छोटी ट्रेन थेट माथेरान स्टेशनला नेते.

या ट्रेनबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1907 साली ही लाइन सुरू झाली, सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा लावला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, कारण डोंगराला इतक्या घट्ट वळणांनी वेढे घालत मोठी गाडी चढूच शकली नसती. 2005 च्या जुलैमधल्या पावसाने ही लाइन बरीच वाहून गेली होती, पुढे ती दुरुस्त करून परत सुरू केली. नेरळपासून अख्खा प्रवास दोन तासांच्या वर जातो, आणि पावसाळ्यात खालचा भाग बंद ठेवतात, वरची अमन लॉजची फेरी तेवढी चालू असते. मला विचाराल तर एका दिवसात परतायचं असेल तर नेरळहून ट्रेनचा हट्ट नको, अर्धा दिवस त्यातच जाईल.

वर हवा छान का लागते तर उंची साधारण आठशे मीटर, म्हणजे खालच्यापेक्षा चारपाच डिग्रीने थंड, आणि त्यात डोक्यावर झाडं. उन्हाळ्यात हा फरक अंगाला कळतो, तरी दुपारी कड्यांवर ऊन लागतंच, पाणी जवळ ठेवा.

आता पॉइंट. घोडेवाले यादी सांगतील आणि ती संपणार नाही, पण तुम्ही शार्लोट लेक, तिथेच पिसारनाथाचं देऊळ, मग एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट एवढंच धरा, हे सगळं एका बाजूला आहे. पॅनोरमा पॉइंट फार सुंदर, पण तो उत्तरेच्या टोकाला, त्याच्यामागे लागलात तर बाकीचं सगळं सोडून द्यावं लागेल. आणि तलावाचं पाणी गाव पितं, तेव्हा त्यात उतरू नका प्लीज. खाण्याच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं चेन उघडून घेतात, खरंच उघडतात!

शनिवार-रविवार शक्यतो टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते आणि पार्किंग भरतं. मधल्या वारी जायचं तर ज्याला सरप्राइज द्यायचंय त्याची रजा आधी गुपचूप बघून ठेवा, हे सगळ्यात अवघड काम आहे. सूर्यास्त मुक्कामाला राहणाऱ्यांसाठी सोडा, कारण तो बघून निघालात तर दस्तुरीपर्यंतचा रस्ता अंधारात, लहान मुलं पेंगुळलेली, आणि खाली टॅक्सीसाठी सगळ्यांचीच एकदम गर्दी. चार वाजले की बाजारातून चिक्की घ्या आणि चालायला लागा.