सप्टेंबर नववा कसा झाला?

श्रोतेहो, नमस्कार. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावे जरा सावकाश उच्चारून पाहा. सप्त, अष्ट, नव, दश हे आपल्या ओळखीचे आकडे त्यांत ऐकू येतात, कारण संस्कृत आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या आहेत. मग नावाने सातवा असलेला सप्टेंबर नववा कसा?

रोमनांचे जुने वर्ष मार्स या युद्धदेवतेच्या महिन्यापासून, म्हणजे मार्चपासून मोजले जाई. जुलैला तेव्हा क्विंटिलिस, म्हणजे पाचवा, आणि ऑगस्टला सेक्स्टिलिस, म्हणजे सहावा, असे म्हणत. इ.स.पू. १५३ मध्ये स्पेनमधील युद्धावर सेनापतीला लवकर रवाना होता यावे म्हणून कॉन्सल या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या पदग्रहणाचा दिवस मार्चच्या मध्यावरून १ जानेवारीला आणला गेला. वर्षाची सुरुवातही मग तिथूनच धरली जाऊ लागली, आणि सातवा सप्टेंबर नववा झाला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री आपण जे फटाके उडवतो, त्यांच्या मुळाशी एका लष्करी मोहिमेची घाई आहे, हे मला तरी मोठे गमतीचे वाटते.

महिन्याच्या पहिल्या दिवसाला रोमन लोक कालेंडी म्हणत. त्या दिवशी एक पुरोहित कॅपिटोल टेकडीवर लोकांसमोर पुकारा करून सांगे की, महिन्याचा पुढचा ठरावीक दिवस, म्हणजे नोनी, पाचव्या दिवशी येणार की सातव्या. पुकारणे या अर्थाच्या क्रियापदावरूनच कालेंडी हा शब्द आला. कर्जाचे व्याजही त्याच तारखेला चुकवायचे असल्यामुळे सावकाराच्या वहीला कालेंडारियुम हे नाव पडले, आणि आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर हे त्याच वहीचे वंशज होय.

खरी गोम मात्र अधिक महिन्यात होती. जुने रोमन वर्ष ३५५ दिवसांचे असल्यामुळे ऋतूंशी मेळ राखण्यासाठी अधूनमधून फेब्रुवारीच्या २३ तारखेच्या आसपास एक जादा महिना घालावा लागे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, असा नियमच असल्याने पंचांगकर्त्याच्या मर्जीला तिथे वाव नाही; रोममध्ये मात्र हा निर्णय पुरोहितमंडळाच्या हाती होता, आणि हे पुरोहित स्वतःच राजकारणी होते. आपल्या माणसाची एक वर्षाची कारकीर्द लांबवायची असेल तर महिना घाला, विरोधकाची आखडायची असेल तर घालू नका, असा प्रकार चाले. परिणामी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कॅलेंडर ऋतूंपासून दोन महिन्यांहून अधिक भरकटले होते.

ज्युलियस सीझरने अलेक्झांड्रियाचा खगोलशास्त्रज्ञ सोसिजेनीस याचा सल्ला घेऊन हा घोळ निस्तरला. त्यासाठी इ.स.पू. ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे करावे लागले: नेहमीचे ३५५, फेब्रुवारीतले २३ आणि नोव्हेंबर व डिसेंबर यांच्या मध्ये घातलेले ६७. पुढच्या १ जानेवारीपासून ३६५ दिवसांचे वर्ष आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त, ही व्यवस्था सुरू झाली. हा जादा दिवस जुन्या अधिक महिन्याच्याच जागी, २४ फेब्रुवारीची तारीख दोनदा मोजून घेतला जाई; म्हणून लीप वर्षाचा भार आजही फेब्रुवारीच उचलतो.

पण सीझरचा खून झाल्यावर पुरोहितांनी ‘दर चौथ्या वर्षी’ याचा अर्थ रोमन मोजणीच्या रीतीने, म्हणजे आरंभीचे वर्षही धरून, लावला आणि दर तीन वर्षांनी लीप वर्ष पाळले. ३६ वर्षांत नऊऐवजी बारा लीप दिवस झाले. तीन जादा दिवस जिरवण्यासाठी सम्राट ऑगस्टसने काही काळ लीप वर्षे बंद ठेवली. क्विंटिलिसला सीझरचे नाव, जुलै, आधीच मिळाले होते, इ.स.पू. ८ मध्ये सेक्स्टिलिसचा ऑगस्ट झाला. सप्टेंबरपासून पुढच्या महिन्यांना नवी नावे देण्याचे प्रयत्न नंतर झाले, पण ती टिकली नाहीत, आणि ते महिने आपापले जुने आकडे मिरवत राहिले.