बसवायला एक दिवस, काढायला तीन महिने

पत्रिकेवर माझा विषय ‘कुटुंब नियोजनातील निवड : संशोधन काय सांगते’ असा छापलाय. एवढं कोरडं नाव वाचूनही तुम्ही आलात, त्याबद्दल आभार. बायका पुढं बसल्यात आणि पुरुष मंडळी दाराजवळ. हे दृश्य माझ्या ओळखीचं आहे. नसबंदीच्या शिबिरातही ती तिथंच बसायची, पटकन उठून जाता यावं म्हणून.

संशोधनाकडं येते मी. आधी एक गोष्ट सांगते. माझी मुलगी तिसऱ्या रांगेत बसलीय, तिनं आत्ताच घड्याळ बघितलं, कारण ही गोष्ट तिला पाठ आहे.

साल 1988. मी नुकती एमबीबीएस झालेली आणि एका दुष्काळी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी. सगळा कारभार टार्गेटचा. ऑपरेशनच्या इतक्या केसेस, तांबीच्या म्हणजे कॉपर-टीच्या इतक्या, निरोध इतके, गोळ्यांची पाकिटं इतकी. केस आणायचं काम फक्त आमच्या सिस्टरांचं नव्हतं, तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, सगळ्यांना आकडा. मार्च जवळ आला की गुरुजी वर्गापेक्षा आमच्या ओट्यावर जास्त. एकदा तर एकाच बाईवर गुरुजी आणि तलाठी दोघांनी हक्क सांगितला. ‘ही माझी केस, मी हिच्या घरी चार खेपा घातल्या.’ ‘अहो, हिच्या नवऱ्याचा उतारा माझ्याकडं अडकलाय, माझ्यामुळं आली ती.’ अर्धा तास भांडण चाललं. बाई बाकावर बसून आळीपाळीनं दोघांची तोंडं बघत होती. शेवटी गुरुजी वयानं मोठे म्हणून केस त्यांच्या नावावर लागली. तुम्ही हसताय. मीही तेव्हा हसले होते. त्या बाईला ऑपरेशन हवंय का, हे मात्र त्या अर्ध्या तासात कुणी विचारलं नाही. टेबलामागं मी बसले होते, मीही नाही.

पण ती गोष्ट ही नव्हे. ही नुसती प्रस्तावना झाली.

गोष्ट तांबीची. नऊ किलोमीटरवरच्या वाडीतली बाई, दोन मुलांची आई. पाळणा लांबवायचा म्हणून सिस्टरनं तिला आणलं, त्याच दिवशी तांबी बसली, नाव रजिस्टरात चढलं. दीड महिन्यानं परत आली. ‘बाई, अंगावरून फार जातंय, काढा.’ मी म्हटलं, सुरुवातीला होतं असं, बसेल. लोहाच्या गोळ्या दिल्या. आता यात खोटं काही नव्हतं बरं का, तांबीनं पहिले काही महिने पाळी जास्त जाते हे पुस्तकात आहेच. पण मी ते तिला बसवताना सांगितलं नव्हतं, काढायला आल्यावर सांगत होते. तीन आठवड्यांनी पुन्हा आली. मार्चचा दुसरा आठवडा होता. त्या महिन्याच्या बैठकीत तांबीच्या आकड्यावरून माझी खरडपट्टी निघाली होती. मी तिला म्हटलं, ‘पुढच्या महिन्यात ये, बघू.’ या वाक्यात वैद्यकीय असं काहीही नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. पावसाळ्यात पोराला ताप आला म्हणून आली, तेव्हा मी विचारलं, तांबीचं काय झालं? म्हणाली, ‘दाईकडनं वढून काढली. तुमच्याकडं बसवाया एक दिस लागला आन् काढाया तीन महिनं झालं तरी नंबर येईना. मला रानात काम हाय.’ रागानं नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. तिला जंतुसंसर्ग झाला नाही हे तिचं नशीब आणि माझंही. वर्षअखेरीला पात्र जोडप्यांचं, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या जोडप्यांचं, रजिस्टर काढलं, तर तिच्या नावापुढं तांबीची खूण तशीच. आमच्या हिशेबात ते ‘संरक्षित जोडपं’ होतं. संरक्षित हा शब्द मला तेव्हापासून पचत नाही. कुणापासून संरक्षित? माझ्यापासून असायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, जुन्या काळचं काय सांगता. जुनं तर याहून जुनं आहे. 1921 साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं. म्हणजे आपण या बाबतीत साहेबाच्या मागं नव्हतो. कर्वे गणिताचे प्राध्यापक, या उद्योगापायी त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1927 पासून मरेपर्यंत चालवलं, खटले अंगावर घेतले, 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं: मूल हवं की नको हे बाईनं ठरवावं. 1952 साली देशाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि ‘बाईनं ठरवावं’चं हळूहळू ‘बाईला पटवावं’ झालं. 1976 साली आपल्याच विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, हे किती जणांना आठवतं? राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या आणीबाणीच्या वर्षात देशात 82 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या 62 लाख पुरुषांच्या. त्यानंतर पुरुष जे पळाले ते अजून दाराजवळच बसलेत. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं, आणि नवऱ्याचं ऑपरेशन झालेल्या? 0.3 टक्के.

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिलीत म्हणे. कर्व्यांनी खाल्ली सगळी. असो, पळवते आता.

पहिलं, ‘निवड’ म्हणजे टेबलावर पाच वस्तू मांडणं नव्हे, हे संशोधकांनी 1990 सालीच लिहून ठेवलंय. जुडिथ ब्रूस या बाईंनी सेवेच्या दर्जाची सहा अंगं मांडली: साधनांची निवड, माहिती, हाताचं कौशल्य, वागणूक, पाठपुरावा आणि जोडीच्या इतर सेवा. आपल्याकडं 1996 मध्ये टार्गेट रद्द झालं. त्याच्या जागी ‘अपेक्षित साध्य पातळी’ आली. नाव लांबलं, धाक तोच. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जननं काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं केली. डझनाहून जास्त बाया दगावल्या. 2016 मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करायला सांगितलं. 2017 पासून ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी सरकारी दवाखान्यात आली. चांगलं झालं. टेबलावरच्या वस्तू वाढल्या.

दुसरं, अमेरिकेतलं. सेंट लुईस शहरात 2007 ते 2011 या काळात 9,256 बायकांना हवं ते साधन फुकट दिलं. पंचाहत्तर टक्क्यांनी तांबीसारखी किंवा दंडात बसवायची दीर्घ मुदतीची साधनं घेतली, आणि नको असलेली गर्भधारणा त्यांच्यात गोळीवाल्यांपेक्षा कितीतरी कमी. जगभर वाहवा झाली. मग शंका निघाल्या. सल्ला देताना सर्वांत परिणामकारक साधन आधी सांगायची पद्धत होती. मग बाईनं निवडलं की आपण तिच्या पुढ्यात सरकवलं? आणि वर्षभर साधन अंगात राहिलं की यश, काढलं की गळती, असा हिशेब. माझी वाडीतली बाई सेंट लुईसलाही गळतीतच धरली गेली असती.

तिसरं, मोजायचं कसं. पाहण्यांमध्ये तीन प्रश्न असतात: दुसरी साधनं सांगितली का, त्रास काय होईल ते सांगितलं का, त्रास झाला तर काय करायचं ते सांगितलं का. आपल्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत त्रासाबद्दल सांगितल्याचं साधन वापरणाऱ्या 62.4 टक्के बायकांनी म्हटलं. म्हणजे शंभरातल्या सदतीस-अडतीस जणी आजही माझ्या 1988 च्या टेबलासमोर बसल्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिस्टीन डेलेनडॉर्फ आणि त्यांच्या गटानं आणखी चार प्रश्न बनवले. तुला माणूस म्हणून वागवलं का, तुला काय महत्त्वाचं वाटतं ते बोलू दिलं का, तुझी पसंती मनावर घेतली का, ठरवण्यापुरती माहिती दिली का. चारही प्रश्न बाईला विचारायचे, डॉक्टरला नाही.

माझं म्हणणं, यात आणखी एक घाला: काढायला आलीस तेव्हा किती खेपा पडल्या? आपल्या रजिस्टरात बसवल्याच्या तारखेचा रकाना असतो. तिनं पहिल्यांदा ‘काढा’ म्हटलं त्या तारखेचा एक रकाना आखा आणि शेजारी प्रत्यक्ष काढल्याची तारीख. दोन तारखांमधलं अंतर जिल्ह्याच्या बैठकीत दर महिन्याला मोठ्यानं वाचा. पैसा लागत नाही, एक पट्टी आणि लाल पेन पुरे. हा प्रस्ताव मी तीनदा लेखी दिला. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘पुढच्या महिन्यात बघू.’

वेळ संपली. प्रश्न विचारा आता. नवऱ्याची सही लागते का, हे कुणीतरी विचारणारच आहे, म्हणून आधीच सांगते: ऑपरेशनसाठी जोडीदाराची संमती लागत नाही, सरकारच्या नियमातच तसं आहे. दाराजवळच्या मंडळींनाही बोलू द्या, उठून जायच्या आधी.