कल्याण ते निर्मल : एका आडव्या रस्त्याची गोष्ट

कल्याण-नगर रोड म्हटलं की मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला फक्त माळशेज दिसतो. पाऊस, धबधबे, भर रस्त्यात गाड्या लावून सेल्फी. नगरच्या माणसाला तोच रस्ता म्हणजे भाळवणी, टाकळी ढोकेश्वर आणि मुंबईला जाणारी रात्रीची एसटी. पाथर्डीकर त्याला खड्डे म्हणून ओळखतो, परभणीकर तर त्याला वसमत रोड नाहीतर पाथरी रोड एवढंच म्हणतो. म्हणजे रस्ता एक, पण तो पूर्ण कुणाचाच नाही. आज मला त्या पूर्ण रस्त्याबद्दल बोलायचंय, कारण माझं म्हणणं असं आहे की हा रस्ता कुणी एकानं आखलेलाच नाही, चार-पाच जुन्या वाटा होत्या, प्रत्येकीचं कारण वेगळं होतं, आणि सरकारनं खूप उशिरा त्या सगळ्यांवर एक नंबर लावला.

नंबराचं आधी उरकून टाकू. जुना नंबर 222, कल्याण ते निर्मल, साधारण सहाशे किलोमीटर. 2010 साली देशभरातल्या हायवेंचे नंबर बदलले तेव्हा हा 61 झाला, आणि आता तो भिवंडीपासून तेलंगणातल्या जगतियालपर्यंत मोजतात. नवीन पद्धतीत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना विषम नंबर, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम. त्यामुळे या रस्त्यावर जे मोठे चौक लागतात तिथं सम नंबर आडवे येतात बघा, आळेफाट्याला पुणे-नाशिकचा 60, बीड जिल्ह्यात धुळे-सोलापूरचा 52, आणि निर्मलला श्रीनगर-कन्याकुमारीचा 44. पैसा, लेन, टोल, फ्लायओव्हर सगळं या उभ्या रस्त्यांवर आधी जातं. आडव्याचा नंबर नंतर लागतो. हे माझं मत आहे, पण आळेफाट्याच्या चौकात उभं राहून दोन्हीकडं बघितलं की तुमचंही होईल.

आता घाट. कल्याणहून निघालात की रायत्याला उल्हास नदीचा पूल, जो जोरदार पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि मुरबाडकरांची कल्याणशी गाठ तुटते. मग मुरबाड, सरळगाव, टोकावडे. टोकावड्याच्या पुढं वैशाखरे गावापाशी उजव्या हाताला वर बघा, तिथं नाणेघाट आहे. आपला डांबरी रस्ता त्याच्या पायथ्याशी येतो आणि त्याला सोडून माळशेजला निघून जातो. दोन हजार वर्षांपूर्वी उलटं होतं. कल्याणला उतरलेला माल नाणेघाटातून वर, जुन्नरला, तिथून पैठणकडं. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी, त्यामुळे घाटाचे मालकही तेच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं पेरिप्लस नावाचं टिपण आहे, त्यात कल्याण आहे, पैठण आहे, तगर म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर आहे. तो लिहितो की कल्याण आधी चांगलं कायदेशीर बंदर होतं पण आता तिथं अडवणूक होते, चुकून एखादं ग्रीक जहाज तिथं लागलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे बंदराबंदरातली भांडणं तेव्हाही होती आणि त्याचा फटका मागच्या घाटाला बसत असणार हे उघड आहे.

नाणेघाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञ किती केले, गायी किती दिल्या, हत्ती-घोडे किती, कार्षापण नावाची नाणी किती, सगळा हिशोब भिंतीवर, आणि आकडे खुणांनी लिहिलेत, भारतात आकड्यांच्या ज्या जुन्या खुणा सापडतात त्यांच्यात याचं नाव पुढं असतं. माझ्या डोक्यात नेहमी येतं की हे घाटातच का कोरलं, राजधानीत का नाही? तर वाहतूक घाटात होती, वाचणारे तिथून जायचे. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे, तो जकातीचा असं सगळे सांगतात, तसा पुरावा कुणी दाखवलेला नाही पण सांगायला छान वाटतं त्यामुळे तो जकातीचाच राहणार. जुन्नरभोवती डोंगरात दोनशेच्या घरात लेणी आहेत, त्यातल्या काही लेखांत दान देणारे स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. हा सगळा पैसा याच वाटेवरचा.

मग आजचा रस्ता नाणेघाटातून का नाही? कारण नाणेघाट म्हणजे कड्यातली एक अरुंद खाच आहे, बैल चढतो, माणूस चढतो, चाक चढत नाही. मोटारीला चढ लांबवून पसरवावा लागतो, वळणं घ्यायला डोंगराची बाजू लागते, ती माळशेजला मिळाली. पण फुकट नाही मिळाली, डोंगर कापून काढलेली बाजू पावसात खाली येते, दरवर्षी कुठं ना कुठं दरड, घाट बंद, आणि नगरचा भाजीपाला आणि दूध लांबच्या वाटेनं फिरवून मुंबईला.

घाटमाथ्यावर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी लागतं, मागं हरिश्चंद्रगड. इथून पाणी पूर्वेला वळतं, पुष्पावती, कुकडी, घोड, भीमा असं करत कृष्णेला जातं. घाटाच्या खाली पडलेलं काळू-उल्हासमधून अरबी समुद्रात. पुढं ओतूर, तिथला कांदा, मग आळेफाटा, आणि फाट्याजवळ आळे गाव. आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद म्हणवले तो रेडा भावंडांबरोबर परत येताना इथं गेला अशी परंपरा. ती खरी-खोटी ठरवायला मी आलो नाही, मला तिच्यात रस्ता दिसतो. ज्यांनी ही गोष्ट शेकडो वर्षं सांगितली त्यांना पैठणहून येणारा माणूस आळ्यावरून जाणार हे गृहीतच होतं ना. बेल्ह्याच्या पुढं आणे घाटात गुळंचवाडीला दगडाचा नैसर्गिक पूल आहे, रस्त्याच्या अगदी जवळ, आणि नव्वद टक्के गाड्या न थांबता जातात. थांबा कधीतरी. टाकळी ढोकेश्वरला डोंगरात कोरलेलं शंकराचं लेणं आहे, तिथंही थांबा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पंधराव्या शतकात बहमनी राज्य फुटत होतं तेव्हा मलिक अहमद जुन्नरला बसून कारभार बघत होता. 1490 ला त्यानं बहमनी फौज हरवली आणि स्वतंत्र झाला, मग राजधानी जुन्नरहून पूर्वेला आणून सीना नदीकाठी अहमदनगर वसवलं, ज्याचं नाव आता अहिल्यानगर. या मलिक अहमदचं घराणं मूळचं कुठलं? फेरिश्ता नावाचा इतिहासकार, जो काही काळ नगरच्या दरबारातच होता, तो लिहितो की अहमदचा बाप जन्मानं ब्राह्मण, आणि त्याचं घराणं पाथरीचं कुलकर्णी. पाथरी म्हणजे परभणी जिल्ह्यातली, याच रस्त्यावरची! पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहानं ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, नाही मिळाली, मग 1518 ला लढून घेतली, पुढं गेली, परत घेतली. एका छोट्या परगण्यासाठी दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडली. जुन्नर, नगर, पाथरी, एका घराण्याची तीन गावं आणि आज तीनही याच पट्ट्यात, जुन्नर थोडं बाजूला पडलं एवढंच. पाथरीचं नशीबच असं आहे की तिच्यावरून वाद व्हायचेच, 2020 च्या जानेवारीत साईबाबांच्या जन्मस्थानावरून शिर्डी बंद झाली ती आठवते का?

नगर सोडलं की डोंगरावर सलाबतखानाची कबर, जिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. मग करंजी घाट. हा घाट माळशेजसमोर काहीच नाही, फोटो काढायला कुणी येत नाही, पण तो उतरला की गोदावरीचं खोरं चालू होतं. तिसगाव-पाथर्डीजवळ मढीची कानिफनाथांची यात्रा, तिथं गाढवांचा मोठा बाजार भरतो. ट्रक यायच्या आधी लमाणांचे बैल आणि ही गाढवं, याच्यावरच देशातलं धान्य-मीठ फिरत होतं. नगर-पाथर्डीच्या कामाबद्दल मी काय बोलू, आंदोलनं झाली, उपोषणं झाली, ठेकेदार बदलले, लोकांच्या कमरा गेल्या.

पाथर्डीच्या पुढं खरवंडी कासार, आणि मग एक अशी रेघ जी आता नकाशावर नुसती जिल्ह्याची आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत तिच्या अलीकडं ब्रिटिश मुंबई इलाखा आणि मग स्वतंत्र भारत, पलीकडं निजामाचं हैदराबाद संस्थान. नाणं वेगळं, जकात वेगळी. हैदराबादनं आपली रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करत हैदराबादला नेली, ती 1900 साली चालू झाली, म्हणजे मराठवाड्याचा माल तिरका दक्षिणेला नाहीतर मनमाडला जाणार. सरळ पश्चिमेला नगरकडं जोडणारं काही करायची दोन्ही सरकारांना गरजच वाटली नाही. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, तेव्हा कुठं हे दोन तुकडे एका सरकारच्या हाताखाली आले. आजही मधला हा पट्टा सगळ्यात रोडावलेला वाटतो त्याचं मूळ मला इथं दिसतं. कल्याण-नगर रेल्वेची मागणी तर माझ्या आधीच्या पिढीपासून चालूच आहे.

या पट्ट्यात दसऱ्यानंतर रस्ता बघावा. पाथर्डी, शिरूर कासार, बीड, माजलगाव, सगळीकडून ऊसतोड मजुरांचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात, मागं जोडून दोन-दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, पोरं, शेळ्या, आणि सगळे पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडं. मार्च-एप्रिलला परत. सातवाहनांच्या काळी या वाटेनं पश्चिमेला कापड जायचं, आता माणसं जातात.

पुढचं पटकन. गेवराई तालुक्यात धुळे-सोलापूर हायवेची गाठ पडते, गढीपाशी परत पूर्वेला, माजलगावला सिंदफणेवरचं धरण, मग ढालेगावला गोदावरी ओलांडायची, पाथरी, मानवत, परभणी, झिरो फाटा, हळदीचं वसमत, नांदेड. गुरू गोविंदसिंग 1708 ला नांदेडला आले आणि तिथंच गेले, त्यामुळे या आडव्या रस्त्यावर पंजाबच्या नंबरप्लेटी दिसतात त्या इथं. भोकरनंतर तेलंगण, भैंसा, आणि मग निर्मल, लाकडी खेळण्यांचं गाव.

पेपरवाले या रस्त्याला कल्याण-विशाखापट्टणम म्हणतात, आणि लोक हसतात की जगतियालला संपणारा रस्ता समुद्राला कसा पोचणार. पण नकाशा उघडा. जगतियालला 63 नंबरचा हायवे मिळतो, तो मंचेरियाल करत प्राणहिता ओलांडून गडचिरोलीतल्या सिरोंच्याला, म्हणजे परत महाराष्ट्रात येतो, तिथून इंद्रावती ओलांडून बस्तरमध्ये जगदलपूर, आणि जगदलपूरहून कोरापूटवरून खाली विशाखापट्टणमकडं ट्रक रोज जातात. नाव बरोबरच आहे, फक्त वाटेत नंबर बदलावे लागतात.