रेषेला रंग कुठून येतो

[दृश्य: पांढऱ्या वेबपानाच्या कोपऱ्यात घंटेचं लहान चिन्ह. कॅमेरा जवळ सरकतो. घंटेची कड पडदाभर पसरते, तरी रेघ तितकीच स्वच्छ.]

सूचना आली की उजळणारी ही घंटा कितीतरी वेबपानांवर असते. ती एसव्हीजी (स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स) या स्वरूपातली आहे, म्हणजे तिच्या फाइलीत रंगीत ठिपके साठवलेले नाहीत. आत लिहिलेल्या आहेत त्या सूचना: इथून सुरुवात कर, एवढं वर जा, असं वळण घे, परत ये. ब्राउझर त्या वाचतो आणि समोरच्या पडद्याच्या मापानं चित्र तिथल्या तिथे काढतो. कितीही मोठं करा, कड फाटत नाही.

हा गुण एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. त्याहून मोलाची गोष्ट दुसरीच आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. चित्र जर लिहिलेलं असेल, तर पानावरच्या मजकुराला लागणारे नियम त्यालाही लावता येतात. मथळ्याचा रंग ज्या स्टाइलशीटमधून, म्हणजे पानाच्या रूपाच्या नियमांच्या यादीतून, येतो, तिथूनच घंटेचाही येऊ शकतो. अट एकच: चित्र काढणाऱ्यानं रंग चित्रातच गोठवून ठेवलेला नसावा.

[दृश्य: नव्वदच्या दशकातल्या ब्राउझरच्या खिडक्या, करडी बटणं.]

१९९८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीपुढे व्हेक्टर, म्हणजे अशा सूचनांतून काढल्या जाणाऱ्या, चित्रांसाठी एकाहून अधिक प्रस्ताव आले. अ‍ॅडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन यांचं पीजीएमएल होतं. मायक्रोसॉफ्ट, मॅक्रोमीडिया आणि त्यांच्या सोबतच्यांचं व्हीएमएल होतं. संस्थेनं कुणा एकाच्या गळ्यात माळ घातली नाही. कार्यगट बसवला आणि त्यातून नवंच स्वरूप तयार झालं. ४ सप्टेंबर २००१ रोजी एसव्हीजी १.० अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झालं.

स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात, त्या सीएसएसची पहिली शिफारस त्याआधीची, डिसेंबर १९९६ ची. एसव्हीजीच्या कर्त्यांनी इथे जो निर्णय घेतला, तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा. चित्रांसाठी निराळी शैलीभाषा त्यांनी काढली नाही. नियम कोणत्या घटकाला लागायचा ते सांगणारे सिलेक्टर तेच, बाहेरच्या घटकाचं मूल्य आतल्याला मिळण्याचा वारसा तोच, कोणता नियम कोणावर मात करतो याचा क्रम, म्हणजे कॅस्केड, तोही तोच. उलट्या दिशेनंही देणं झालं. घटक माउसला प्रतिसाद देतो की नाही हे ठरवणारी 'पॉइंटर-इव्हेंट्स' ही प्रॉपर्टी, म्हणजे नियमानं ठरणारा गुण, आणि 'करंटकलर' हे मूल्य मुळात एसव्हीजीतलं. आज ते सीएसएसचंच वाटतं. 'टोमॅटो', 'स्टीलब्लू' अशी रंगांची नावं एक्स११ या युनिक्सवरच्या खिडक्यांच्या प्रणालीतून एसव्हीजीत आली आणि तिथून सीएसएसमध्ये गेली.

ब्राउझरांना मात्र वेळ लागला. सुरुवातीची वर्षं अ‍ॅडोबीच्या प्लगइनवर निघाली. फायरफॉक्सनं २००५ साली, १.५ या आवृत्तीत, एसव्हीजी स्वतः काढायला घेतलं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते यायला २०११ उजाडलं.

[दृश्य: कोड लिहिण्याची खिडकी. वर्तुळाला पार्श्वभूमीचा रंग दिला जातो. वर्तुळ काळंच राहतं.]

वेबपान लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेला सरावलेला हात पहिल्यांदा इथे अडतो. वर्तुळाला 'बॅकग्राउंड-कलर' दिला, काही झालं नाही. 'बॉर्डर' दिली, काही झालं नाही. एसव्हीजीतल्या आकृतीला एचटीएमएलच्या घटकासारखी चौकट नसते, त्यामुळे चौकटीच्या प्रॉपर्टी तिला लागत नाहीत. तिला दोनच रंग कळतात: आतला भराव, म्हणजे 'फिल', आणि कडेची रेघ, म्हणजे 'स्ट्रोक'. काहीच सांगितलं नाही तर फिल काळा आणि स्ट्रोक नाही.

रेषालेख काढताना हा मूळ काळा रंग हमखास समोर येतो. बिंदू जोडत एक मोकळी रेघ काढावी आणि पानावर काळा डोंगर उभा राहावा! रेघ बंद केलेली नसली तरी फिल देताना ब्राउझर शेवटच्या बिंदूपासून पहिल्यापर्यंत मनानंच सीमा धरतो आणि मधली जागा भरून टाकतो. अशा रेघेला 'फिल: नन' सांगावं लागतं, मग स्ट्रोक द्यावा लागतो.

[दृश्य: तीच घंटा तीन वेळा, शेजारी शेजारी. प्रत्येकीखाली रंग लिहिण्याची वेगळी जागा.]

आता रंग लिहायचा कुठे? आकृतीच्या टॅगवर, म्हणजे कोडमधल्या तिच्या खुणेवर, 'फिल' हे अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहिता येतं, स्टाइलशीटमध्ये नियम म्हणून लिहिता येतं, किंवा टॅगवरच्या 'स्टाइल' अ‍ॅट्रिब्यूटच्या आत लिहिता येतं. तिन्हींनी घंटा पिवळीच दिसेल. फरक पडतो तो कोणीतरी तो पिवळा बदलायला जातो तेव्हा.

टॅगवरचं साधं 'फिल' सर्वांत दुबळं. कॅस्केडमध्ये त्याचं वजन शून्य, इतकं की नुसत्या तारांकित, म्हणजे सगळ्याच घटकांना लागणाऱ्या, सिलेक्टरचा नियमही त्याला हटवतो. 'स्टाइल'च्या आत लिहिलेला रंग याच्या अगदी उलट: 'इम्पॉर्टंट'चा बडगा उगारल्याशिवाय बाहेरचा नियम त्याला हलवू शकत नाही. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आकृतीचा रंग बहुधा याच जागी लिहून ठेवतं, म्हणून तिथून आलेलं चित्र पानाच्या स्टाइलशीटला दाद देत नाही.

इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलींचं दुखणं आणखी वेगळं. तिथे अनेकदा फाइलीतच एक छोटं स्टाइलशीट असतं आणि त्यातल्या क्लासांची, म्हणजे आकृतींच्या गटांची, नावं 'सीएलएस-१', 'सीएलएस-२' अशी असतात. अशी दोन चित्रं एकाच पानाच्या मार्कअपमध्ये, म्हणजे टॅगांनी लिहिलेल्या मजकुरात, घातली की दोघांचं 'सीएलएस-१' एकच ठरतं. एसव्हीजीच्या आतला स्टाइल टॅग त्या चित्रापुरता राहत नाही, तो सगळ्या पानाला लागू होतो. मग नंतर आलेलं चित्र आधीच्या चित्राचा रंग पळवतं. दोन्ही फाइली वेगवेगळ्या उघडल्या तर निर्दोष, एकत्र आल्या की बिघाड, त्यामुळे शोधणारा हैराण होतो. ग्रेडियंटच्या, म्हणजे हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगाच्या, आयडींचंही (ओळखनावांचंही) असंच. एसव्हीजी फाइली आटोपशीर करणारं एसव्हीजीओसारखं साधन नावांना उपसर्ग लावून ही टक्कर टाळू शकतं.

[दृश्य: पानाच्या रचनेची झाडासारखी आकृती. एक फांदी उजळते, दुसरी अंधारात.]

चित्र पानात कोणत्या वाटेनं आलं, यावर बाकी सारं अवलंबून आहे.

'इमेज' टॅगनं किंवा पार्श्वभूमी म्हणून आणलेलं एसव्हीजी काचेआडच्या वस्तूसारखं असतं: दिसतं, हात लागत नाही. पानाचा एकही सिलेक्टर आत जात नाही, पानाचा रंगही वारशानं आत उतरत नाही. पण आतलं स्वतःचं स्टाइलशीट चालतं, आणि तिथे एक सुंदर सोय दडलेली आहे. त्याच्यातल्या मीडिया क्वेरी, म्हणजे रुंदीसारखी अट तपासून नियम लावणाऱ्या ओळी, रुंदी मोजतात ती पानाची नव्हे, त्या चित्राची. म्हणजे एकाच फाइलीतलं बोधचिन्ह मोठ्या जागेत नावासकट दिसतं आणि अरुंद जागेत नाव गाळून फक्त खूण दाखवतं. पानाला याची काही कल्पनाही नसते. ही सोय इतकी कमी वापरली जाते याची मला हळहळ वाटते.

एसव्हीजी सरळ एचटीएमएलच्या मजकुरात लिहिलं, तर सगळी दारं उघडी. प्रत्येक रेघ पानाचा घटक होते.

या दोहोंच्या मधली वाट 'यूज' टॅगची, आणि जिथे चिन्हांचा मोठा संच असतो तिथे तीच नेहमीची. आकृती एकदा लिहायची, हवी तिथे तिचा संदर्भ द्यायचा. ब्राउझर तिची प्रत शॅडो ट्रीमध्ये, म्हणजे पानापासून झाकलेल्या वेगळ्या रचनेत, ठेवतो. 'या बटणातल्या प्रतीची दुसरी रेघ' असं बाहेरून नेमकं निवडता येत नाही. पण वारसा आत जातो. फिल आणि स्ट्रोक या वारशानं उतरणाऱ्या प्रॉपर्टी आहेत, त्यामुळे 'यूज'वर दिलेला रंग आतल्या रेघांपर्यंत पोहोचतो.

पोहोचायला हवा, असं म्हणणं जास्त बरोबर. कारण टॅगवरचं ते दुबळं 'फिल' आठवतं? कोणताही नियम त्याला हरवतो हे खरं. पण वारसा म्हणजे नियम नव्हे. जिथे स्वतःचं मूल्य काहीच नाही, तिथेच वारसा लागतो. रेघेवर काळ्या रंगाचं नुसतं अ‍ॅट्रिब्यूट असलं, तरी वरून आलेला रंग दारातच थांबतो. चिन्हांचा संच रंग घेत नाही, अशी तक्रार आली की मी आधी हेच पाहते. उपाय रंग जोडण्याचा नाही, पुसण्याचा आहे: आकृतीवरचे फिल काढून टाकायचे.

[दृश्य: घंटा आणि शेजारी शब्द. बटणावर माउस येतो. शब्द पांढरा होतो, त्याच क्षणी घंटाही.]

आणि मग 'फिल: करंटकलर'. याचा अर्थ, शेजारच्या अक्षरांचा जो रंग असेल तो घे. बटणाचा मजकूर पांढरा झाला, चिन्ह पांढरं. दुवा निळा, चिन्ह निळं. चिन्हासाठी वेगळा नियम नाहीच. दोन रंगांचं चिन्ह असेल तर दुसऱ्यासाठी कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे आपणच नाव दिलेली प्रॉपर्टी, ठेवायची. तीही वारशानं 'यूज'च्या आत जाते, आणि ती कुणी ठरवलीच नाही तर पर्याय म्हणून पुन्हा करंटकलर.

[दृश्य: नकाशा. सीमारेषा जाड होतात, मग पुन्हा बारीक.]

कडेच्या रेघेचं स्वतःचं असं एक शास्त्र आहे. स्ट्रोक आकृतीच्या सीमेवर मधोमध बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. म्हणून व्ह्यूबॉक्सच्या, म्हणजे चित्राची मापं ठरवणाऱ्या चौकटीच्या, काठाला टेकलेल्या वर्तुळाची बाहेरची अर्धी रेघ कापली जाते. शिवाय रेघेची जाडी व्ह्यूबॉक्सच्या एककांत असते. २४ एककांचं चिन्ह ९६ पिक्सेलवर दाखवलं, तर २ ची रेघ ८ पिक्सेलची होते. चिन्हाला ते शोभतं. नकाशा मोठा करताना मात्र सीमा फुगत जातात आणि लहान प्रदेश त्यांच्याखाली बुडतात. तिथे 'व्हेक्टर-इफेक्ट'ला 'नॉन-स्केलिंग-स्ट्रोक' हे मूल्य द्यायचं. नकाशा वाढतो, रेघ तेवढीच राहते. गावांची नावं रंगीत जमिनीवर वाचता यावीत म्हणून अक्षरांना फिकट स्ट्रोक देतात, पण तो अक्षरांच्या अंगावर चढतो आणि अक्षरं बारीक दिसतात. 'पेंट-ऑर्डर: स्ट्रोक' लिहिलं की कड आधी रंगते, अक्षर तिच्यावर.

नकाशावरच आणखी एक अडचण भेटते. माउस नेला की प्रदेशाची सीमा ठळक व्हावी, तर तिचा काही भाग शेजारच्या प्रदेशाखाली दडलेला. हात कोण वर, कोण खाली हे ठरवणाऱ्या 'झेड-इंडेक्स'कडे जातो. आकृतींवर तो चालत नाही. एसव्हीजीत जो मार्कअपमध्ये नंतर, तो वर. एसव्हीजी २ च्या मसुद्यात झेड-इंडेक्स आला होता, ब्राउझरांनी तो उचलला नाही. म्हणून ठळक सीमेसाठी सर्वांत शेवटी एक वेगळी रेघ ठेवावी लागते.

[दृश्य: कोऱ्या पानावर एक रेघ स्वतःहून उमटत जाते.]

ही जादू पाहून अनेक जण एसव्हीजीच्या प्रेमात पडतात. रेघ तुटक करता येते, 'स्ट्रोक-डॅशअ‍ॅरे'नं. तुकडा रेघेच्या पूर्ण लांबीएवढा आणि मधली फटही तेवढीच ठेवली, की एक तर पूर्ण रेघ दिसते किंवा काहीच नाही. मग 'डॅशऑफसेट' हळूहळू शून्यावर आणायचा: फट मागे सरते, रेघ पुढे येते, आणि कोणी हातानं काढतंय असा भास होतो. लांबी मोजत बसायची नसेल तर टॅगवर 'पाथलेंग्थ' १ लिहावं. ब्राउझर सगळा हिशेब त्या मापात करतो.

घंटा हलवायची असेल तर ती आधी भलतीकडेच झोकांडी खाते. एचटीएमएलचा घटक स्वतःच्या मध्याभोवती फिरतो. एसव्हीजीतली आकृती मात्र, वेगळं सांगेपर्यंत, चित्राच्या शून्य बिंदूभोवती, म्हणजे बहुतेक वेळा डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती फिरते. 'ट्रान्सफॉर्म-बॉक्स: फिल-बॉक्स' लिहून मोजमाप आकृतीच्या स्वतःच्या चौकटीवर आणायचं आणि फिरण्याचा बिंदू वर मधोमध ठेवायचा. मग ती टांगलेल्या घंटेसारखी झुलते.

[दृश्य: तेच पान अंधाऱ्या रंगसंगतीत. मग जास्त कॉन्ट्रास्टच्या सेटिंगमध्ये.]

प्रत्येकाच्या डोळ्यांना हे झुलणं मानवत नाही. काहींना हलत्या चित्रांनी गरगरतं, म्हणून त्यांनी आपल्या यंत्रात हालचाल कमी ठेवण्याची निवड केलेली असते. 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' ही क्वेरी ती निवड वाचते, आणि तिचा मान राखणं हे स्टाइलशीट लिहिणाऱ्याचं कर्तव्य आहे. रंगांचंही तसंच. करंटकलरवर उभं असलेलं चिन्ह अंधाऱ्या रंगसंगतीत आपोआप उजळतं. अंधुक दिसणारे लोक विंडोजमध्ये कॉन्ट्रास्टची सक्तीची रंगसंगती लावतात, तेव्हा ब्राउझर अक्षरांचे रंग बदलतो, पण आकृतीत गोठवलेल्या फिलला हात लावत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर काळं चिन्ह तसंच राहतं, म्हणजे नाहीसं होतं. करंटकलरचं चिन्ह अक्षरांसोबत बदलतं.

एक गोष्ट मात्र कोणतंही स्टाइलशीट देऊ शकत नाही, ती म्हणजे चिन्हाचं नाव. पान ऐकणाऱ्यासाठी ते मार्कअपमध्येच लिहावं लागतं. शेजारी शब्द असेल तर चिन्हावर 'एरिया-हिडन' लावून स्क्रीन रीडरला, म्हणजे पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला, ते ओलांडू द्यावं. बटणात चिन्ह एकटंच असेल, तर बटणालाच 'सूचना' असं नाव द्यावं.