मणक्यातलं पाणी काय सांगतं

मेळघाटात रात्रीबेरात्री ताप आणि झटके आलेलं लेकरू घेऊन मायबाप दवाखान्यात पोचतात, तोवर बऱ्याचदा वाटेत कुठंतरी एखादं इंजेक्शन टोचून झालेलं असतं, आणि कोणतं ते त्यांना सांगता येत नाही.

मेंदूज्वर जंतूंचा आहे का, हे कळायला मणक्यातलं पाणी काढून बघावंच लागतं. पण आजी आडवी येते. "पाणी नोका काढू जी डॉक्टरसाहेब, पोट्टं लुळं होऊन जाईन." ही भीती गावोगाव आहे, तिच्यावर डाफरून काही होत नाही, शांतपणे सांगावं लागतं की आजी, सुई कमरेत खाली टोचतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो.

ही बघा बाटली. निरोगी लेकराचं पाणी नितळ असतं, हे तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आहे. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक चालू केलं, आणि अगदी बरोबर केलं.

लॅबवाल्या ताई लगेच कामाला लागतात, कारण नमुना पडून राहिला की पांढऱ्या पेशी फुटतात, साखर उतरते, मग टेस्ट करून उपयोग काय? पेशी हजाराच्या घरात, त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त, साखर 40 च्या खाली, प्रोटीन 100 च्या वर, म्हणजे संशय जंतूंवरच. मग ग्रॅम स्टेन, जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची 1884 पासूनची पद्धत. काचेवर थेंब वाळवला, जांभळा रंग, आयोडिन, स्पिरिटनं धुतलं, शेवटी लाल रंग. जंतूंच्या जांभळ्या जोड्या दिसल्या तर बहुतेक न्यूमोकोकस, गुलाबी जोड्या दिसल्या तर मेनिंगोकोकस. अर्ध्याएक तासात, तेही अगदी थोडक्या खर्चात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्री हे करणारं माणूस हवंच हवं, असं मला मनापासून वाटतं.

जंतू दिसले नाहीत म्हणून आजार नाही असं मात्र नसतं. वाटेतलं ते इंजेक्शन अँटिबायोटिकचं असेल तर काही तासांतच जंतू मरतात, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही वाढत नाही. पीसीआर या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीचं तसं नाही, ती मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडते, पण ती सोय मोठ्या शहरात.

आणि कल्चरची बाटली जिल्ह्याला पाठवताना बर्फात ठेवायची नाही. लसीचा डबा हाताशी असतो म्हणून सवयीनं ठेवली जाते, पण हे जंतू थंडीनं मरतात.