‘ही बॅग कोणाचीये?’ हा प्रश्न आपण माणसाला का विचारत नाही?

नमस्कार मंडळी, आज कुठली प्रस्तावना नाही, थेट ट्रेनमध्ये चढूया. बदलापूरवरून येणारी सकाळची फास्ट, लेडीज डबा, डोंबिवलीची झुंबड नुकतीच आत आलेली, म्हणजे वर केलेला हात खाली घेता येत नाही अशी अवस्था. आणि रॅकवर एक बॅग. मरून कलरची, रेक्झिनची, चेन तुटलेली म्हणून मधोमध नाडीने आवळून बांधलेली. माझ्या बाजूच्या काकूंनी ती पाहिली आणि सवयीने विचारलं, ‘ही बॅग कोणाचीये?’ कोणी बोललं नाही. मग दरवाजातल्या मुलींनी तेच विचारलं, मग पलीकडच्या बाजूने कोणीतरी, म्हणजे प्रश्न अख्ख्या डब्यातून फिरून परत आमच्याकडे आला आणि बॅग तिथेच. तिसऱ्यांदा विचारताना काकूंचा आवाज बदलला होता. रॅकखाली बसलेल्या दोघी उठल्या, विचार करा, डोंबिवलीनंतर कोणीतरी आपणहून सीट सोडतंय. तेवढ्यात एका कॉलेजच्या पोरीला दिसलं की खिडकीला डोकं टेकून एक मावशी गाढ झोपल्यात, तिने हळूच खांद्याला हात लावला, ‘मावशी, ती बॅग तुमची का?’ मावशी दचकून उठल्या, ‘माझीच गं, का, काय झालं?’ रात्रपाळी करून निघाल्या होत्या, आयाचं काम. कोणीतरी त्यांना पाण्याची बाटली पुढे केली आणि काकूंनी त्यांना सांगितलं की पुढच्या वेळी बॅग पायाशी ठेवा हो, जीव जातो आमचा.

ही गोष्ट मी का सांगतेय, तर मला वाटतं की आपल्या शहराला सावध कसं राहायचं हे खरंच येतं. कोणी क्लास घेतला नाही, पण येतं. आणि ते फार वाईट मार्गाने आलंय. १२ मार्च १९९३ ला एका दुपारी मुंबईत १२ स्फोट झाले, २५७ माणसं गेली. २००३ मध्ये मार्चला मुलुंडला लोकलमध्ये, ऑगस्टमध्ये गेटवे आणि झवेरी बाजारला. मग ११ जुलै २००६, संध्याकाळची घरी जायची वेळ, वेस्टर्न लाईनला ११ मिनिटांत ७ स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, १८० हून जास्त माणसं घरी पोचलीच नाहीत. २०१० ला पुण्यात जर्मन बेकरी, तिथेही एक बेवारस बॅगच होती, १७ जण गेले. त्यामुळे रॅकवरची बिनमालकाची बॅग बघून आमच्या काकूंचा आवाज बदलतो तो काही घाबरटपणा नाही, त्या आवाजात एवढी वर्षं आहेत.

आता त्या डब्यात नेमकं काय झालं ते बघा. आधी वस्तू दिसली. मग मोठ्याने विचारलं, एकदा नाही, तीनदा. कोणी बॅगेला हात लावला नाही. माणसं बाजूला झाली. आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर झोपलेल्या बाईला उठवून विचारलं. उत्तर आलंच नसतं तर पुढचं स्टेशन आल्यावर पोलिसांना सांगितलं असतं, त्यांनी डबा रिकामा केला असता, बॉम्बशोधक पथक आलं असतं. इतकं सरळ आहे ते.

आणि आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला त्रास होतो, पण तिच्याशिवाय हा व्हिडिओ करण्यात अर्थ नाही.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. गार्डनच्या भिंतीला टेकून बसलेला एक माणूस, मळका शर्ट, शेजारी गोणी. खाली मेसेज, ‘हा दोन दिवस इथे फिरतोय, मुलं खेळतात त्या वेळेलाच बसतो, लक्ष ठेवा.’ माझी मुलगी तेव्हा त्याच गार्डनमध्ये जायची. मी काय केलं? फॉरवर्ड केलं. शाळेच्या पालकांचा ग्रुप, बाजूच्या बिल्डिंगच्या मैत्रिणी, आणि अजून एक ग्रुप, म्हणजे तीन ठिकाणी, आणि वर माझं स्वतःचं एक वाक्य जोडलं, ‘प्लीज काळजी घ्या.’ मला मनापासून वाटत होतं की मी चांगलं काम करतेय.

अर्ध्या-पाऊण तासात खाली आवाज. गॅलरीतून बघितलं तर पाच-सहा पोरं त्या माणसाला घेरून उभी, एकाने त्याचा मोबाईल काढून घेतलेला, शर्टाची कॉलर फाटलेली, आणि कोणीतरी ती गोणी उचलून रस्त्यावर उपडी केली. त्यातून काय पडलं सांगू? कुकरच्या रबरी रिंगा. शिट्ट्या. हँडलं, स्क्रू, शेगडीचे बर्नर. तो कुकर-शेगडी दुरुस्त करणारा होता. गार्डनजवळ बसायचा कारण आमच्या अख्ख्या गल्लीत सावली तेवढ्याच भिंतीला आहे, आणि मुलं खेळायला येतात त्याच वेळेला आया घरी सापडतात, मग ‘कुकर रिपेऽऽर’ ओरडायचं तर तेव्हाच ना.

मी खाली गेले तेव्हा पोरं पांगली होती. तो उकिडवा बसून रिंगा साइजप्रमाणे एकात एक घालत होता. मी पण उचलायला बसले. मी सॉरी म्हणाले, त्यावर तो काही बोलला नाही, इकडेतिकडे बघत एवढंच म्हणाला, ‘ताई, पाच लिटरच्या दोन शिट्ट्या होत्या, एक दिसत नाहीये.’ ती गटारात गेली होती. जाळीतून दिसत होती पण हात पोचत नव्हता.

दोन दिवस तो तिथे बसत होता आणि एकाही माणसाने, मी धरून, जाऊन विचारलं नव्हतं की भाऊ, काय काम करता? बॅगेला आपण तीनदा विचारतो.

हे असं का होतं यावर मी बराच विचार केला. स्टेशनवर रोज सूचना ऐकतो आपण, बेवारस वस्तू किंवा संशयास्पद व्यक्ती दिसल्यास पोलिसांना कळवा. बेवारस वस्तू म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं, जिचा मालक जवळ नाही ती. पण संशयास्पद व्यक्ती म्हणजे कोण? ते काही त्या सूचनेत सांगत नाहीत. मग ती रिकामी जागा आपण आपल्या डोक्यातलं भरून भरतो. मळके कपडे, खांद्यावर गोणी, दाढी, वेगळी भाषा, वेगळा रंग, लिफ्टसमोर घुटमळणारा डिलिव्हरीवाला. म्हणजे ज्याने अजून काही केलेलंच नाही त्याच्या दिसण्याला आपण पुरावा समजतो. आणि ही सवय जुनी आहे हो. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला होता, अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार म्हणून यादीत टाकल्या, सोलापूरला तर काटेरी तारांच्या आत सेटलमेंटमध्ये ठेवलं होतं माणसांना. तो कायदा १९५२ मध्ये गेला, म्हणून त्या जमाती ३१ ऑगस्टला विमुक्त दिन, म्हणजे सुटकेचा दिवस, पाळतात. कायदा गेला पण फिरस्त्या माणसाकडे बघायची नजर तशीच राहिली.

आणि ती नजर काय करू शकते ते आपल्याच राज्याने बघितलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणं हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा आधीच मोबाईलवर फिरत होती. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही जण गेले. हे वाचून आपण म्हणतो की खेडेगावात होतं असं, पण आमच्या गार्डनजवळ जे झालं आणि तिथे जे झालं त्यात मला फक्त किती माणसं जमली आणि किती वेळ मारत राहिली एवढाच फरक दिसतो, सुरुवात अगदी सारखी आहे.

आणि त्या वर्षी जो व्हिडिओ सगळीकडे फिरत होता ना, बाईकवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, तो कुठला होता माहितीये? कराचीचा. आणि तो खरा प्रसंगही नव्हता, ती तिथल्या एका मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची जागरूकतेची जाहिरात होती! मूळ व्हिडिओत ती माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि बोर्ड दाखवतात की बघा, मूल पळवायला क्षणच लागतो, लक्ष ठेवा. कोणीतरी शेवट कापला आणि उरलेला भाग इकडे पसरला. म्हणजे मुलांना जपा म्हणून केलेली गोष्ट माणसं मारायला वापरली गेली, मला हे कळलं तेव्हा मी माझं ते ‘प्लीज काळजी घ्या’ आठवून सुन्न बसले होते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं केलं. मी तीनच ठिकाणी पाठवलं होतं, ते त्या मर्यादेतही बसतं. २०२२ मध्ये परत तेच, सांगलीत जत तालुक्यात लवंगा गावाजवळ चार साधूंना जमावाने मारहाण केली, ते वाचले, त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता फक्त. त्या वेळी मुंबईतही मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरले आणि पोलिसांना सांगावं लागलं की असं काही नाहीये.

आता तुमच्यातले आईबाबा म्हणतील, ताई ते ठीक आहे पण मुलांची भीती वाटतेच ना. वाटतेच, मलाही वाटते. पण मग भीती योग्य ठिकाणी तरी ठेवूया. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेसमध्ये ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. नातेवाईक, शेजारी, ओळखीचा माणूस. आपण मुलांना ‘अनोळखी काकांशी बोलू नको’ शिकवतो आणि ओळखीच्या काकांना पापा दे म्हणतो, नको म्हणाली तर लाजते म्हणून हसतो.

बरं मग करायचं काय. माणसाकडे बघू नका, माणूस काय करतोय ते बघा. एक जण बॅग सीटखाली सरकवून स्वतः उतरून गेला, हे सांगण्यासारखं आहे. मूल हात सोडवायला बघतंय, रडतंय, आणि बरोबरचा माणूस त्याचं नाव सांगू शकत नाही, हे सांगण्यासारखं आहे. कोणी एखाद्या मुलीच्या मागे डबा बदलून बदलून जातंय, हेही. पण नुसतं बसलाय, नुसता वेगळा दिसतो, हिंदी नीट येत नाही, हे सांगण्यासारखं काहीच नाहीये. आणि वाटलंच काही तर आधी विचारा, आणि विचारायचं ते दरडावून नाही. ‘काका, कोणाला शोधताय का?’ बस. खरंच कोणाला शोधत असेल तर त्याचं काम होतं, आणि वाईट हेतू असेल तर त्याला कळतं की इथे आपल्याला कोणीतरी बघितलंय, चेहरा लक्षात ठेवलाय. दोन्हीकडे फायदाच. विचारायला भीती वाटत असेल तर विचारू नका, पण मग फोन पोलिसांना करा, ग्रुपला नाही. नंबर स्क्रीनवर देतेय, रेल्वेत असाल तर १३९, बाकी कुठेही ११२, आणि एकटं मूल दिसलं तर १०९८. आरपीएफवाले, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे लोक, स्टेशनवरची हरवलेली, घर सोडून आलेली मुलं रोज सांभाळतात, त्यांना ते काम येतं. तुम्ही त्या मुलाजवळ थांबा, लांब न्यायचं नाही, आणि बरोबरच्या माणसाची कॉलर धरायची नाही.

आणि सावध माणूस म्हटलं की मला विष्णू झेंडे आठवतात. २६ नोव्हेंबर २००८, सीएसटी, ते अनाउन्सर. वरच्या केबिनमधून त्यांना दिसलं की हल्ला होतोय, गोळ्या चालल्यात. ते माइक सोडून लपले नाहीत, लोकांना सांगत राहिले की पुढे येऊ नका, एक नंबर प्लॅटफॉर्मवरून मागच्या बाजूने बाहेर पडा. किती जण वाचले असतील त्या आवाजाने. त्यातल्या कोणाचं नाव, गाव, जात त्यांना माहीत नव्हतं, ते सगळे अनोळखीच होते की.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या प्रकारानंतर मी लिहिलं की फॉरवर्ड मी केलं होतं. दोघांनी अंगठा दिला, एकीने लिहिलं की तुझा हेतू चांगला होता, बाकी शांत. पण त्यानंतर फोटो आला की कोणीतरी खाली टाइप करतंच, ‘विचारलं का कोणी?’ मागच्या आठवड्यात पण आला एक, गेटजवळ उभी असलेली बाई, डोक्यावर बोचकं. वॉचमनने जाऊन विचारलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची भाची निघाली, पत्ता लिहिलेला कागद भिजून गेला होता म्हणून अर्धा तास उभी होती.

कुकरवाला मात्र परत आला नाही. दीड-दोन महिने मी बाहेर ‘रिपेऽऽर’ ऐकलं की गॅलरीत जायचे, दरवेळी दुसराच कोणी असायचा. पाच लिटरची एक शिट्टी घेऊन ठेवलीय मी, किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे.